बिल्ला त्याचा, दंड माझा

दि. ९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या बाबाचा उजवा हात अजून हलत नाही, तोंडही वाकडंच आहे. पण काल डावा हात नाचवून नर्सबाईंशी भांडला, म्हणजे सुधारतोय म्हणायचं.

तू विचारतेस, "काका, जानेवारीच्या तपासणीत बाबांचं ब्लडप्रेशर एकशे बावीस होतं, मग दोन महिन्यांत पक्षाघात कसा?" सांगतो. आधी माझा संताप ऐक.

परवा खाण कंपनीचे चौकशीचे साहेब आले. खाटेशी उभं राहून म्हणाले, "जानेवारीत प्रेशर एकशे बावीसच होतं, म्हणजे खाणीत काही झालेलं नाही. घरचं मीठ, तंबाखू, काळज्या." असं कागदावर आलं की उपचार बंद, वसाहतीतली खोलीही जाणार. दवाखान्याच्या भिंतीवर फलक आहे: मीठ कमी खा, आठ तास झोपा, शांत राहा. अगं, झोपायचं कधी? दर आठवड्याला कामाची पाळी बदलते. अंगाला सवय होते तोवर पुढची पाळी! वीस वर्षं कानाशी ड्रिल. घरातही ओरडूनच बोलायचा; तुझी आई म्हणायची, "मी काय डोंगरापलीकडे आहे का?" आणि मीठ? खाली उकाड्यात माणसं भोवळ येऊन पडतात, म्हणून पाण्याच्या पिंपात मीठ कोण टाकतं? हेच कंपनीवाले! खाली मीठ पाजायचं आणि वर फलक लावायचा. तंबाखू खायचा, हे खरं. मी त्याला साधू ठरवत नाही.

साहेबांना मी यातलं काय बोललो? काही नाही. का, ते आता लिहितो.

डिसेंबरात तुझ्या बाबाने औषधाच्या दुकानात प्रेशर मोजून घेतलं. एकशे शहाऐंशी. तपासणीत एवढं निघालं की माणसाला वर कोळसा निवडायला बसवतात, निम्म्या पगारावर. तुझं शेवटचं वर्ष. तपासणीच्या दिवशी त्याने आपला कामगार नंबराचा बिल्ला माझ्या खिशात सरकवला.

"दादा, तुझा दंड दे. तुझं प्रेशर अजून पोरासारखं आहे."

"गाढवा, औषध घे."

"घेतो रे. ठमीची परीक्षा होऊ दे."

मी रांगेत दोनदा उभा राहिलो. सकाळी माझा बिल्ला घेऊन, दुपारी त्याचा. डॉक्टरांनी मान वर केली नाही. बिल्ल्याचा नंबर वाचला, पट्टा आवळला, आकडा लिहिला. तो एकशे बावीस माझा आहे, पोरी. आमच्या पाळीत असे आणखी पाचसात दंड उसने फिरतात.

सोमवारी चौकशीत मी हे सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल. लबाड म्हणतील, तर आहेच मी. पण मीही विचारणार: नऊशे दंडांना पट्टा बांधलात, एकाचं तरी तोंड पाहिलंत का? आजार सांगितला की भाकरी अर्धी करता, मग माणसाने सांगायचं कुणाला?

काल बाबाच्या कानावर घातलं. त्याने डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं आणि मानेनेच नको म्हणाला. मी त्याचं ऐकणार नाही. एकदा ऐकलं, तेवढं पुरे.

परीक्षा सोडून येऊ नकोस. नंतर ये, आणि काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल. मला काका म्हणायचं की नाही, तेही तेव्हाच ठरव.

तोवर,
तुझ्या बाबाचा दादा