कफीलच्या तांब्याच्या गोळ्या

राबिघ,
९ मार्च २०१८

आदरणीय अर्चनाताई,

सलाम. तुम्ही, दादा आणि रोहन खुशाल असाल. "सफूरा, बरी आहेस ना?" असे तुमचे दोन मेसेज आले, मी उत्तर दिलं नाही. रागावलात ना? रागवाच. तुमच्याशी फोनवर बोलायला गेले की मला रडूच फुटतं, म्हणून हे पत्र. आमच्या शेजारचा इब्राहीम सुट्टीवर चिपळूणला चाललाय, त्याच्याबरोबर खजूरही पाठवतेय.

तुमच्या जागी आलेली सौदी डॉक्टरीण पोरसवदा आहे, पण मायाळू. तुमचा करार संपवला तेव्हा तिला न बघताच मी शिव्या घातल्या होत्या. त्या परत घेतल्या.

आमच्या कफीलची, शौकतच्या अरब मालकाची, शिकारीची हौस काही सुटत नाही! फक्त आता शिसं नाही. निव्वळ तांब्याच्या गोळ्या विकत येतात आणि शौकत त्या सोनाराच्या थाटात काडतुसांत बसवतो. "महाग आहेत, पण घरादाराला बऱ्या," असं कफील येईल त्याला सांगतो. जशी काही अक्कल त्याचीच!

मला मात्र ती दुपार आठवते. दुसऱ्यांदा दिवस राहून पोट रिकामं झालं होतं. सासू फोनवर म्हणत होती, नजर लागली. तुम्ही विचारलंत, "नवरा काय करतो?" मी म्हटलं, शौकत ड्रायव्हर आहे. इकाम्यावर, इथं राहायच्या परवान्यावर, तेच लिहिलंय ना! मग तुम्ही विचारलंत, "त्याचे कपडे कोण धुतं?" हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मीच धुते, म्हटलं, बादलीच्या तळाला राखाडी गाळ बसतो. मग सगळं बाहेर आलं. कफीलच्या बंद खोलीत शौकत शिसं वितळवून गोळ्या ओतायचा. आम्हा दोघांच्याही रक्तात ते निघालं; गर्भ टिकत नव्हता तो त्यानंच.

शौकत हादरला. "कफीलला अवाक्षर बोलायचं नाही. नोकरीला सौदी पोरं तयार उभी आहेत. उद्याच घरी पाठवील, खलास!"

तुम्ही कफीलला काही बोललाच नाहीत. कफीलची बायकोही तुमचीच पेशंट. शिकारीचं मटण घरात शिजतंय, त्यात शिसं असतं, तुमच्या छोट्या इमादचं रक्त तपासून घ्या, एवढंच तिला सांगितलंत. आमचं नाव नाही की गाव नाही. इमादच्या रक्तातही निघालं, तेव्हा कफीलनं स्वतःच्या हातानं भट्टी उचलून फेकली. इतकी हुशारी कुठून आणलीत हो?

शौकतची पोटदुखी गेली. चिडचिड थोडी उरलीय, ती जन्माचीच आहे.

आणि मी? सासूनं बजावलं होतं, चाळीस दिवस भरेस्तोवर कुणाकडे शब्द काढायचा नाही. तुमच्यापाशीही नाही काढला. फार भ्याले होते, ताई. काल चाळीस दिवसांचं न्हाणं झालं. जन्मली तेव्हा पावणेतीन किलोची होती, आता बाळसं धरलंय. आवाज असा, की खालचा दुकानदार मान वर करून बघतो. शौकत तिला घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतो, मग पुन्हा धुतो.

उठली बघा. जाते.

तुमचे उपकार न विसरणारी,
सुहानाची आई
(हे पहिल्यांदाच लिहितेय)
सफूरा