दोन पलंगांची खोली

रविवार, २ सप्टेंबर २०१८, रायपूर

पुन्हा तेच! "मी मजेत आहे आई. तू कशी आहेस?" हा चौथा रविवार. अनुश्री बोलते तेव्हा फोन स्पीकरवर असते, मागून जावयाचा, पियुषचा खोकला ऐकू येते. जेवली का विचारलं तर आधी थांबली. मग म्हणाली, "हो, आम्ही दोघं जेवलो." मी तिचं विचारलं होतं!

गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नाले आली, तेव्हा साडी नेसवताना पाठीवर हिरवंनिळं दिसलं. "दारावर आपटली." मी पदराले पिन लावली अन् गप्प बसली. पाहुणे होते ना घरात! आई म्हणवते स्वतःले.

४ सप्टेंबर

जाणार. नेदरलँडले. एकटी.

६ सप्टेंबर

यांले सांगितलं. दिवाळीचा फराळ घेऊन जाते, लेकीले भेटून येते. हे हसले. "तू? तुले तर भिलाईले जायचं असलं तरी सोबत लागते." यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, विमानात तेवढं बसणं होणार नाही. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पण लेकीच्या घरी राहशील कशी? तिले लेकरू नाही अजून. आपल्यात तोवर लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत."

आयुष्यभर या रीतीचा राग केला मी. आज म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. मी वेगळी खोली घेते." खुश झाले! खरं कारण वेगळं आहे. पियुषच्या घरी उतरली तर व्हिसाले त्याचंच पत्र लागते. खोली घेतली तर त्याले कळायचं काही कारण नाही.

पाठीचं यांले सांगायचं धाडस नाही झालं. जावई म्हणजे यांच्यासाठी देवच.

११ सप्टेंबर

ऑफिस सुटल्यावर शंकर नगरात टूरवालीकडे गेली. "अकेले? आंटीजी, ग्रुप में जाइए! सात देश, ग्यारह दिन, शुद्ध शाकाहारी." मले सात देश नको, एकच गाव पाहिजे. "वहाँ तो कोई जाता ही नहीं घूमने." रंगीत पुस्तक हातात कोंबलं. घरी येईपर्यंत घामानं ओलं झालं.

१६ सप्टेंबर

तीन दिवस नकाशा पाहून राहिली. आता डोळे मिटले तरी अनुश्रीची गल्ली दिसते.

स्टेशनाजवळचं हॉटेल: मोठं, दारात माणूस, पण भेटायले येणारीले वर सोडत नाहीत. मग काय उपयोग. दुसरं स्वस्त, आठ बायका एका खोलीत. अनुश्री आठ जणींसमोर तोंड उघडणार आहे का? तिसरं म्हणजे हेनी नावाच्या बाईच्या घरातली वरची खोली. दोन पलंग, छोटा ओटा, दाराले आतून कडी. बाईनं स्वतः फोटो टाकले आहेत, एका फोटोत तिचं मांजर. अनुश्रीच्या घरापासून बसचे चार थांबे. बस चुकली तर पायी पंचवीस मिनिटं — थंडीत चपलेनं नाही जमणार, बूट घ्यायचे.

१८ सप्टेंबर

हेनीबाईची खोली घेतली. १३ नोव्हेंबरपासून दोन आठवडे. पाहुणे किती? दोन. दुसऱ्या पाहुणीचं नाव लिहिलं. अनुश्री. आडनाव माहेरचं टाकलं.

यांले बजावलं, "अचानक जाऊन मजा करायची आहे. कोणाले सांगू नका." "हो हो," म्हणाले, पेपरातून मान वर न काढता.

रविवार, ७ ऑक्टोबर

आज देवच धावला! बोलता बोलता तिकडे घंटी वाजली, पियुष कुरिअर घ्यायले खाली गेला. मी घाईघाईनं सांगितलं — मी येऊन राहिली, तेरा नोव्हेंबरले, हेनीबाईचं घर, गल्लीचं नाव, नंबर, बुकिंगात तुहंही नाव आहे. मले वाटलं फोन कटला. मग हळूच म्हणाली, "हव."

शाळेतून घरी आली की 'हो'च्या जागी अशीच "हव" म्हणायची, मी रागवायची. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या छत्तीसगढी पोरींकडून उचललं होतं. आज तो एक शब्द ऐकला अन् ओट्याशी उभी राहून रडली.

१९ ऑक्टोबर

व्हिसाचे कागद देऊन दिल्लीहून आलो. हे रेल्वेच्या पासवर सोबत आले होते. खिडकीतली पोरगी विचारे, "लेकीचं घर तिथंच, मग खोली काहून?" मी आमची रीत सांगितली. तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा लिहून घेतलं.

१ नोव्हेंबर

व्हिसा आला!!

८ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळून ताट खाली ठेवलं, तर हे कौतुकानं म्हणाले, "गुलाबरावांले फोन केला होता. तुह्या जाण्याचं सांगून टाकलं."

गुलाबराव म्हणजे पियुषचे वडील. नागपूरले.

"काहून सांगितलं?" मी ओरडलीच. "मी नाही म्हटलं होतं ना!"

"अगं, व्याह्यांले न सांगता त्यांच्या सुनेले भेटायले जाणं बरं दिसते का? वाईट वाटलं असतं त्यांले."

तेव्हा सगळं सांगितलं. पाठीचं, स्पीकरचं, सगळं. हे ताटातला दिवा सरकवत राहिले. मग म्हणाले, "तुह्या मनाचे खेळ असतील." आवाजात जोर नव्हता. मी पाटाखालची रांगोळी हातानंच पुसून टाकली. सणाच्या दिवशी.

९ नोव्हेंबर

पियुषनं स्वतः व्हिडिओ लावला. हसून हसून बोलला. "आई, आधी तरी सांगायचं! आम्ही तर त्या दिवसांत स्पेनले जाऊन राहिलो. अन् हॉटेल कोणतं घेतलं? पत्ता पाठवा, मी कॅन्सल करून देतो." मी म्हटलं, स्टेशनाजवळचं. खोटं बोलली. चांगलं केलं.

अनुश्री बाजूले बसली होती, अर्धीच दिसत होती. "आई, येऊ नको," म्हणाली. वाचून दाखवल्यासारखं.

१० नोव्हेंबर

तिचा फोन बंद. सकाळपासून सतरा वेळा लावला. त्याचाही बंद.

गुलाबरावांचा मात्र आला. "विहीणबाई, पोरांच्या संसारात आपण किती पडायचं?" मी फोन यांच्या हातात दिला. हे "हो, हो, बरोबर" करत राहिले. मी आत जाऊन बॅग भरली. हे दारात येऊन म्हणाले, "ते स्पेनले असतील तर तू तिथं कोणासाठी जाऊन राहिली?" जाणार मात्र आहे. उद्याचं नाही, परवाचं विमान.

११ नोव्हेंबर, सकाळी

हेनीबाईचा मेल. तुमच्या बुकिंगातली दुसरी पाहुणी काल संध्याकाळीच आली, पायऱ्यांवर बसली होती. सामान नाही, पायात मोजे फक्त. नाव बरोबर सांगते. तुमच्या तारखेले अजून दोन दिवस आहेत, तोवर वर राहू देऊ का?

लिहिलं — राहू द्या. कोणी विचारत आलं तर अशी कोणी इथं नाही म्हणून सांगा.

यांले सांगितलं नाही.