धुरात धरायच्या वस्तू

शुक्रवार, २० एप्रिल १९८४

गुड फ्रायडेची सुट्टी. बोर्डाचे पेपर तपासून संपवायला बसले होते. चाळीस झाले आणि सेक्रेटरी सामंत सोसायटीची नोटीस घेऊन आले. सही करा म्हणे.

‘इमारतीत घडलेल्या दुःखद घटनेमुळे वातावरण दूषित झाले असून, सोमवार ता. ३० रोजी अमावास्येस सायंकाळी पाच वाजता धुरी देण्यात येईल. प्रत्येक घराने दोन गोवऱ्या व मूठभर गुग्गुळ द्यावा.’

दुःखद घटना म्हणजे आमच्या डोक्यावरच्या घरातली नंदा. चोवीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. ५ तारखेला सकाळी जळून गेली. स्टोव्हचा भडका, असं सासूने सांगितलं. पोलिसांनी लिहून घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेरावं जेवून झालं, आता हवा साफ करायची आहे.

सही केली नाही.

सामंत म्हणाले, “अहो मालतीबाई, धुराने कधी कोणाचं वाईट झालंय का?”

म्हटलं, “वर जाऊन विचारा.”

पुटपुटत गेले. त्यानंतर एक पेपर धड तपासला गेला नाही.

शनिवार, २१ एप्रिल

इतके दिवस हे वहीत लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

माझ्या ओट्यावर आहे तो स्टोव्ह नंदाचा आहे. आमचा सिलिंडर मार्चअखेर संपला, नंबर लावला, अजून पत्ता नाही. सोमवारी २ तारखेला ती आपणहून स्टोव्ह घेऊन खाली आली. “काकू, आमच्याकडे गॅस आलाय. हा नुसता पडून आहे. ठेवा तुम्ही.” पितळी टाकीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे : चि. सौ. कां. नंदा हिस मामाकडून सप्रेम भेट.

गुरुवारी ती स्टोव्हच्या भडक्याने गेली म्हणतात. त्या गुरुवारी सकाळी मी याच स्टोव्हवर चहा करत होते.

ह्यांना ती गेली त्याच दिवशी दाखवला होता. म्हणाले, “दुसरा असेल. लोकांकडे असतात दोन-दोन.” मीही म्हटलं, असेल. आणि सोळा दिवस त्यावर भात शिजवला. लाज वाटते लिहायला.

सोमवार, २३ एप्रिल

वर गेले. सरळ विचारायचं ठरवूनच. स्वयंपाकघराला नवा पिवळा रंग दिला आहे, अजून वास येतो. शालिनीबाई (नंदाची सासू) तांदूळ निवडत होत्या. दिलीप, तिचा नवरा, आरशासमोर दाढी करत होता. आठवी ते दहावी माझ्या वर्गात होता. ज्वलनाला काय काय लागतं ते त्याला मीच शिकवलं आहे.

विचारलं, “तुमच्याकडे दोन स्टोव्ह होते का हो?”

“दोन कशाला? एकच. तिच्या मामाने दिलेला. तोच मेला काळ झाला बघा.” आणि पदर डोळ्याला.

म्हणजे स्टोव्ह माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊकच नाही. नंदा न सांगता देऊन गेली.

पदर खाली आला तो लगेच पुढच्या विषयावर. “धुरी एकदा नीट झाली की जिवाला बरं वाटेल. स्थळं येतायत ना. वर्षाच्या आत उरकलं तर ठीक, नाहीतर मग तीन वर्षं थांबावं लागतं. मुलगा किती दिवस असा राहणार? मुलीकडचे घर बघायला येणार, त्यांना इथे काही जाणवायला नको.”

अठरा दिवस. अजून महिनाही झाला नाही.

दिलीपने गालावरचा फेस पुसला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मंगळवार, २४ एप्रिल

पंचनाम्यावर पंच म्हणून सही सामंतांची आहे. जिन्यात गाठलं. “तुम्ही स्टोव्ह पाहिलात?”

“काळं काहीतरी होतं हो कोपऱ्यात. त्या वासात कोण उभं राहतंय! हवालदार म्हणाला इथे सही करा, केली.”

त्या वासात उभं राहवलं नाही. गुग्गुळाच्या वासात मात्र तासभर राहणार.

मी १९५० साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. गुग्गुळाने डास जातात. घराच्या भिंतींनी जे ऐकलं ते जात नाही. आणि आमच्या छतानेही ऐकलं होतं. भांडी आपटल्याचे आवाज, एकदा तिचं “नको, नको”. मी पंखा मोठा केला होता.

बुधवार, २५ एप्रिल

ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. “पुढच्या वर्षी रिटायर होतोय मी. याच जिन्यातून वर-खाली करायचंय आपल्याला.”

म्हटलं, “नंदाला उतरता आलं नाही.”

“तू पोलिसांत गेलीस तर पहिला प्रश्न काय विचारतील? बाई, इतके दिवस गप्प का होतात?”

मी आणखीच ओरडले. जेवले नाही.

शुक्रवार, २७ एप्रिल

सगळं लिहायचं तर हेही लिहायला हवं.

२ तारखेला स्टोव्ह ठेवून नंदा लगेच गेली नाही. दारातच उभी. मी म्हटलं, गॅस आला की आणून देते वर. तर म्हणाली, “नका आणू परत. घरात नसलेलाच बरा.” मग म्हणाली, “काकू, थोडा वेळ बसू का इथे?”

समोर पेपरांचा गठ्ठा. मी मान वर न करता म्हटलं, “आता नको गं. पेपर आहेत.”

“बरं,” म्हणाली.

घरात नसलेलाच बरा. बी.एस्सी. बाईला याचा अर्थ कळायला पंचवीस दिवस लागले. तिला कशाची भीती वाटत होती ते तिने मला हातात आणून दिलं होतं. मी त्यावर आधण ठेवलं.

त्या दिवशी तपासलेल्या पेपरांत एकाही मुलाने काही लक्षात राहण्यासारखं लिहिलं नव्हतं.

शनिवार, २८ एप्रिल

धुरी देणारा बुवा भांडुपच्या टेकडीवरून पाहणीला आला. मूळचा सावंतवाडीकडचा. खाली बायका जमल्या, मीही गेले. इमारतीला फेरी मारून म्हणाला, “नुसतो धूर करून भागाचा नाय. जी जी वस्तू तिच्या हातची कोणाच्या घरात आसात, ती सोमवारी खाली घेवन येवा. धुरात धरूक होयी. नायतर ता तुमच्या घरात रवतला.”

एकच गडबड. सामंतांची बायको : “अगंबाई, माझ्याकडे तिची चाळणी आहे!” दुसरी : “माझ्याकडे विणायच्या सुया. आता झोप कशी लागणार मला?” तिसरी हसली, “तुला सासूची भीती नाही वाटत, सुयांची वाटते?” शालिनीबाई मान हलवत म्हणाल्या, “आणा हो सगळं. एकही वस्तू मागे नको राहायला.”

घरी येऊन स्टोव्ह उतरवला. चिंच लावून घासला. अक्षरं कंदिलाच्या काचेसारखी स्वच्छ केली. हे दारात उभे राहून बघत होते. “काय करतेयस?”

“बुवाने सांगितलंय तेच.”

सोमवार, ३० एप्रिल

पाच वाजता खाली. घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे, वर गुग्गुळ, ऊद, मोहरी, कडुनिंब. सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. चाळणी धुरात धरली, सुया धरल्या, कोणी एक वाटी आणली होती ती धरली. प्रत्येकीचा चेहरा कर्ज फिटल्यासारखा.

मी स्टोव्ह पुढे ठेवला.

बुवा म्हणाला, “ह्यो कोणाचो?”

“तिचाच. २ तारखेपासून माझ्याकडे आहे.”

शालिनीबाई पटकन म्हणाल्या, “हा आमचा नव्हे.”

सामंतांच्या बायकोला म्हटलं, “तुमचे डोळे चांगले आहेत. काय कोरलंय ते वाचा. मोठ्याने.” तिने वाचायला सुरुवात केली, “चि. सौ. कां. नंदा हिस,” आणि तिथेच थांबली.

“पुढे वाचा.”

“मामाकडून...”

बुवाला काही ठाऊक नाही. त्याने बिचाऱ्याने मनापासून स्टोव्हला तीन वेळा धूर दिला. गोवऱ्या तडतडत होत्या. मग शालिनीबाई म्हणाल्या, “दोन होते. माझ्याच लक्षात राहिलं नाही.”

“गेल्या सोमवारी एकच होता,” मी म्हटलं.

सामंत एकदम घड्याळ बघायला लागले. बायका आपापल्या वस्तू उचलून निघाल्या. सुयांवाली माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, “बरं केलंत,” पण तिने थांबून कोणाला ऐकू जाईल असं म्हटलं नाही. घरोघर धुरी द्यायची राहिलीच. बुवा विचारत होता, “आता वर जावचा मा?”

केसांना वास आहे. दोनदा धुतले.

मंगळवार, १ मे

सकाळी दिलीप दारात. “बाई, आईने स्टोव्ह मागितलाय.”

“आईला सांग, मिळणार नाही.”

तो उभाच. शाळेत उत्तर येत नसलं की असाच बुटांकडे बघायचा. मी वाट पाहिली. वर्गात पाहायचे तेवढी, त्याहून जास्त. म्हटलं, “काही सांगायचंय का?”

“नाही, बाई.” गेला.

जिन्यात आता कोणी बोलत नाही. सामंतांच्या बायकोने मला बघून दार लावलं. इतके दिवस त्या घरात काय झालं ते कोणाला बोचलं नाही. मी बोलले ते बोचतं.

बुधवार, २ मे

निघाले. प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टोव्ह घातला तर हे आतून जाड कापडाची घेऊन आले. “ती फाटेल,” एवढंच.

पोलीस स्टेशनला हवालदार म्हणे साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या अकराला या. “ती केस क्लोज झाली बाई. द्यायचं तर ठेवून जा तो इथे.”

“पावती?”

“स्टोव्हची पावती? हे काय भंगारचं दुकान आहे?” शेजारचा हसला.

मग प्रश्न ह्यांनी सांगितला होता तोच. इतके दिवस गप्प का होतात? म्हटलं, “चूक झाली. ती लिहून घ्या. पण आधी नंदाचं लिहा.” लिहिलं काहीच नाही. स्टोव्ह परत आणला. वाटेत कुठेही पिशवी खाली ठेवली नाही.

गुरुवार, ३ मे

सिलिंडर आला. महिन्याहून जास्त वाट पाहिली, आज आला. हे म्हणाले, “आता निदान तो स्टोव्ह तरी लागणार नाही.” म्हटलं, “लागणार आहे.”

दहा वाजता पिशवी घेऊन निघाले. जिन्यात एक गृहस्थ, सोबत बायको. नव्या चपला, हातात पेढ्यांचा पुडा. चिपळूणकडचे वाटले. विचारलं, “ताई, दिलीपरावांचं घर कुठलं हो? मुलीसाठी बघायला आलोय.”

“वरच्या मजल्यावर,” म्हटलं. ते दोन पायऱ्या चढले.

मग म्हटलं, “जरा थांबा. आधी थोडा वेळ आमच्याकडे बसा.”

बाई नवऱ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, “वाट बघत असतील ते.”

“बघू दे.”

बसले आहेत. पाणी दिलं. गॅसवर चहा ठेवला आहे, तो उकळेपर्यंत हे लिहिते. अकरा वाजायला पाऊण तास आहे, पोलीस स्टेशन दहा मिनिटांवर. वर शालिनीबाईंचं दार दोनदा उघडलं, दोनदा लागलं.

स्टोव्ह पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवला आहे. मुलीच्या बापाने चष्मा लावलाय. टाकीवरची अक्षरं वाचतो आहे.