सतरा पौंड आणि काकूचा पाटा

सावेडी, अहमदनगर
१२ फेब्रुवारी १९७१

चि. नारायण यास नृसिंहकाकाचे भरघोस आशीर्वाद.

तुझी तब्येत उत्तम असेल आणि तिकडच्या बर्फात तू कानटोपी घालत असशील, असं धरून चालतो. (कानटोपी हरवली असल्यास काकूला कळवू नये.) आम्ही तिघं, म्हणजे मी, काकू आणि इंदू, इंदूच्या कॉलेजपायी पुणतांब्याचं बिऱ्हाड हलवून इथे सावेडीत दोन खोल्यांत आलो. एका ओळीत लिहिलं खरं, पण जे रामायण झालं त्याला जबाबदार तू आहेस.

तू युटातल्या तुझ्या घरमालकिणीच्या, लार्सनबाईंच्या, आजीचं चरित्र पाठवलंस. ते मी रोज दुपारी ओसरीवर मराठी करून वाचायचो आणि दोघी ऐकायच्या. डेन्मार्कातली बावीस वर्षांची मुलगी, मॉर्मन नावाचा ख्रिस्ती पंथ घेतला म्हणून बापाने घराबाहेर काढलेली, नवरा आणि तान्हं लेकरू यांच्यासह बोटीने अमेरिका गाठते काय आणि तिथून तेराशे मैल हातगाडी ओढत युटाच्या ओसाड खोऱ्यात पोचते काय! माणशी सामान सतरा पौंड, बाकी सगळं मागे टाकायचं. मी तिथल्या तिथे ठरवलं की निवृत्त मास्तराने असलं नुसतं वाचू नये, करून दाखवावं. (घाबरू नकोस, पंथ बदललेला नाही, फक्त पत्ता.) टेम्पो रद्द केला. स्टेशनपर्यंत हातगाडी, पुढे रेल्वे, आणि माणशी सतरा पौंड म्हणजे पावणेआठ किलो. वाण्याचा काटा आणून दारात मांडला.

काट्यावर पहिला चढला काकूचा पाटा. तो एकटाच आम्हा तिघांच्या वाट्याइतका भरला, म्हणजे आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी निघायचं. मी नियम वाचून दाखवला. काकूने शांतपणे सांगितलं, की पाटा राहिला तर तीही राहणार, इंदूला घेऊन मी खुशाल जावं. मी आवाज चढवला. तेव्हा ती म्हणाली, की याच वरवंट्याला कुंची घालून तुझ्या बारशाला पाळण्याभोवती फिरवलं होतं, आणि आमच्या पहिल्या बाळाच्याही. ते बाळ दीड महिन्यात गेलं. त्याची म्हणून एवढीच वस्तू घरात उरली आहे. लार्सनबाईंच्या आजीने वाटेत लेकरू पुरलं ते पान वाचताना काकू मध्येच उठून आत का गेली, ते मला तेव्हा कळलं. पण नियम तो नियम. मी वरवंट्याला चौथा माणूस धरला आणि पाटा त्याचं अंथरूण म्हणून मंजूर केला.

निघायच्या दिवशी सूर्यभान हमालाची हातगाडी आणली. गाडी बघून तो म्हणाला, "गुरुजी, लई वजन झालंय. चाक वाळल्यालं हाय, टिकायचं न्हाई." मी म्हटलं, सगळं मोजून घेतलंय. स्टेशनच्या वळणावर चाकाचे आरे सुटले आणि गाडी बसली. (त्या आजींच्या गाडीचंही असंच झालं होतं, पान सव्वीस. मला जरा अभिमानच वाटला.) सकाळची आगगाडी डोळ्यांदेखत गेली. इंदू म्हणाली परत जाऊ. मी म्हटलं, मागे फिरणं नाही! काकूने वरवंटा पदरात घेतला आणि ती पुढे चालू लागली. सूर्यभानने पाचरी ठोकल्या, मी दांडी खांद्यावर घेतली आणि दुपारच्या गाडीने आम्ही निघालो. पाट्यामुळे चाक मोडलं हे मी काकूला एका शब्दाने बोललो नाही. मनाचा मोठेपणा लागतो.

लार्सनबाईंना नमस्कार सांग.

तुझा
नृसिंहकाका

ता. क. एक काम आहे, म्हणूनच हे पत्र. सतरा पौंडांहून जास्त कुणी लपवून नेलं, तर त्याला वाटेतच मागे सोडत असत का, एवढं लार्सनबाईंना विचार. (सहज विचारतो.)

ता. क. २. नारायणा, मी काकू. हे पोस्टात टाकायला माझ्याकडे आलं, म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. चाक पाट्यामुळे मोडलं नाही. गादीच्या गुंडाळीत यांचे अठ्ठावीस वर्षांचे शाळेचे हजेरीपट होते, प्रत्येक पोराच्या नावासकट. गाडी बसली तेव्हा मला दिसले. मी वरून चादर नीट केली. लार्सनबाईंना सांग, त्यांच्या आजीच्याही गाडीत काहीतरी असणारच, आणि ते बघून कुणीतरी चादर ओढली असणार. त्याशिवाय एवढ्या लांब कोण पोचतं? कानटोपी घाल.