सगळ्यांना एकच गाऱ्हाणं

मंगळवार, संध्याकाळ. मालवण.

सकाळपासून कशात लक्ष नाही. आमच्या कोकम आगळाची पहिली ऑर्डर गेली तेव्हा सासऱ्यांनी देवासमोर नारळ ठेवून त्या गिऱ्हाइकाचं भलं कर म्हणून गाऱ्हाणं घातलं होतं. मी ते रेकॉर्ड केलं. लोकांना इतकं आवडलं की तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरनंतर तेच रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवते, ‘बाबांनी खास तुमच्यासाठी घातलंय’ असं लिहून. गाऱ्हाण्याच्या शेवटी ‘व्हय महाराजा’ म्हणणारा आवाज माझाच.

आज पुण्याच्या एका बाईंचा मेसेज आला. ‘उद्या ऑपरेशन आहे. आठवडाभर बाबांचं गाऱ्हाणं रोज ऐकतेय. आता भीती वाटत नाही.’

जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मी दुसरं काय करणार. दिवसभर तो ‘व्हय महाराजा’ कानात वाजतोय.

शेवटी बाबांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नारळ घेतला आणि देवासमोर जाऊन उभे राहिले.

“तिचा नाव सांग गो.”

मी फोन उघडला. ऑर्डर त्या बाईंच्या मुलाच्या नावावर आहे. त्यांचा नंबर माझ्याकडे ‘आगळ पुणे ३’ म्हणून सेव्ह आहे.

बाबा नारळ हातात धरून उभेच राहिले.