टेटीच्या सॅलडमधलं पांढरं

१२ मे, सोमवार
ऊन असह्य. आईला गॅसपाशी उभं राहवेना, म्हणून संध्याकाळचं गारच करू म्हटलं. मोबाइलवर एक कृती सापडली. कलिंगड, टेटी (खरबूज), पुदिना, लिंबू, मिरपूड, वर फेटा नावाचं खारट चीज. सुमेध (मावसभाऊ) परदेशातून आला तेव्हा त्याने आणलेला डबा फ्रिजमध्ये महिनाभर पडून होता, तो फोडला.

हातगाडीवरच्या लारीवाल्याने टेटी वास घेऊन निवडून दिली. आतून केशरी, मऊ. गोड फोडीबरोबर तो खारा चुरा तोंडात आला की दोन्ही चवी वेगळ्या राहतात आणि तरी... नीट सांगता येत नाही. आईने दुसऱ्यांदा घेतलं. म्हणजे आवडलं. शेवटी म्हणाली, "उरलेल्या चीजचं उद्या हंसाबेनना कर."



१३ मे, मंगळवार
हंसामासी वरच्या मजल्यावरच्या. जैन. आम्ही रविवारी मटण करणारे. मांजलपूरला राहायला आलो तेव्हा चार वर्षं त्यांनी आमच्याकडचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आईने कधी मनाला लावून घेतलं नाही. मटणाची भांडी वेगळी ठेवली, पर्युषणात घरात मटण बंद केलं, सगळं आपणहून. पाचव्या वर्षी मासी स्वतःच स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "भाभी, चा मूको." आता रोज चारचा चहा इथेच. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते.

म्हणून सगळं तीन-तीनदा पाहिलं. कृतीत मध होता, तो चालत नाही, काढला. कांद्याची पात काढली. आईच्या कापायच्या फळीवर मासे कापले जातात, म्हणून नवी फळी, नवी सुरी. सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीत, म्हणून सहाच्या आत मोठा वाडगा भरून वर नेला.

मासींनी दारातच विचारलं, "कांदो-लसण नथी ने?"

"प्युअर जैन आहे, मासी, वर फक्त चीज आहे," मी म्हटलं. अगदी ऐटीत.

१४ मे, बुधवार
चीजचा रिकामा डबा डाळीसाठी ठेवावा म्हणून धुवायला घेतला. मागे बारीक अक्षरात: ॲनिमल रेनेट. मीठबीठ असेल असं वाटलं. तरी शोधलं.

वासराच्या पोटातून काढतात. दूध फाडायला.

पुन्हा शोधलं. दुसरीकडे पाहिलं. तेच. डब्यावर आपल्याकडचा हिरवा ठिपका नाहीच, आणि मी तो शोधलाही नव्हता. दुधाचं आहे ना, मग झालं, एवढंच डोक्यात. सुरी नवी घेतली, फळी नवी घेतली, आणि आतलंच...

दुपारी मासींनी वाडगा परत पाठवला, गूळ-तुपाची सुखडी भरून. तशीच झाकून ठेवली.

१५ मे, गुरुवार
आईला सांगितलं. ती भेंडी पुसत राहिली. मग म्हणाली की तुलाही माहीत नव्हतं, त्यांनाही नाही, तर दोष कुणाला लागणार? थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "चार वर्षं लागलीत मला त्या बाईचा विश्वास मिळवायला. तू एका वाक्यात घालवू नकोस."

बाबांचं मत, विसर. रिफायनरीतून दमून आले होते, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मला शाळेत घालायच्या आधी आजोबांनी घरीच अक्षरं शिकवली, आणि त्याबरोबर वागायचं कसं तेही. पंगतीत वाढताना प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन वाढायचं, न सांगता कुणाच्या ताटात काही घालायचं नाही, हे त्यातलंच. आता वाटतं, त्यांनी बाराखडीवरच थांबायला हवं होतं.

१६ मे, शुक्रवार
मासींना सांगायचं वाक्य गुजरातीत तयार करतेय. वासरू म्हणजे वाछरडुं. मराठीत मनात म्हटलं तर धड्यातला शब्द वाटतो. वाछरडुं म्हटलं की ते उभंच राहतं समोर. "पेटमांथी", पोटातून, म्हणायचं की नुसतं "वाछरडानुं", वासराचं? नुसतं इंग्रजी नाव सांगितलं तर मासींना कळणार नाही. आणि मला तेच हवंय का, त्यांना न कळलेलं?

अकरा वाजता वर गेले. बेल वाजवली. मासींनी दार उघडलं आणि मी कोथिंबीर मागितली. आमच्याकडे दोन जुड्या होत्या. आता तीन.

१७ मे, शनिवार
सांगितलं.

त्या गवार मोडत होत्या. मी पाठ केल्यासारखं सगळं एका दमात. माफी दोनदा मागितली. मासी रागावतील, रडतील, ओकतील, सगळ्याची तयारी होती. त्यांनी फक्त आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत बा झोपल्या होत्या, त्यांच्या सासूबाई.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाए पण खाधुं, केतकी. बे वार." बांनीही खाल्लं, दोनदा.

बा मासींसारख्या नाहीत. त्या चीजला हात लावत नाहीत, पावही खात नाहीत, पाणी उकळलेलंच पितात. त्या दिवशी त्यांनी वाडग्यात बोट दाखवून विचारलं होतं, हे पांढरं काय? उन्हाने त्यांनी चार दिवस धड खाल्लं नव्हतं. मासी म्हणाल्या, पनीर.

म्हणजे मी मासींना खोटं सांगितलं, नकळत. त्यांनी बांना सांगितलं, जाणूनबुजून, थोडंसंच.

मी निघताना मासी म्हणाल्या, "तुझं मन हलकं झालं ना? आता मी काय करू ते पण सांग."

 हे मी त्यांच्यासाठी केलं असं समजत होते.

१९ मे, सोमवार
काल चारला मासी आल्या नाहीत. आजही नाही. आईने सवयीने तीन कप काढले, एक परत ठेवला. मग वळून म्हणाली, "सांगितलंस ना?" मी मान हलवली. ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "आजोबांवर गेलीस." चांगल्या अर्थाने की वाईट, विचारायचं धैर्य झालं नाही.

२१ मे, बुधवार
लिफ्टमध्ये मासी आणि बा. देरासरातून, त्यांच्या मंदिरातून, येत होत्या. मला पाहून बांचा चेहरा फुलला. माझा हात धरला. टेटीवालं ते फार सरस होतं म्हणाल्या, खास करून पनीर. असलं पनीर आपल्या घरी कधी होत नाही, ही हंसा तर रबर करते. मग: "शनिवारे आवजे. मारी सामे बनाव. मारे शीखवुं छे." शनिवारी ये, माझ्यासमोर कर, मला शिकायचंय.

मासी मजल्यांचे आकडे बघत होत्या. मी "हा, बा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

म्हणजे मासींनी सांगितलेलं नाही.

२३ मे, शुक्रवार
दोन लिटर दूध आणलं. लिंबू पिळून फाडलं, पाणी निथळलं, मीठ घालून वजनाखाली ठेवलं. खाऊन पाहिलं. स्वच्छ आहे, चांगलं आहे, पण ते नाही. मऊ आहे, गोडसर आहे. तो खारा, आंबूस चुरा यात नाही. आणखी मीठ घातलं तर नुसतं खारट पनीर.

मासींना फोन केला. काय आणू विचारलं. त्या म्हणाल्या, "जे तुला बरोबर वाटे ते." मी म्हटलं, बांच्या लक्षात येईल.  मग म्हणाल्या, "हा. बांची जीभ फार तेज आहे." आणि फोन ठेवला. रागाने नव्हता ठेवला. बहुतेक.

२४ मे, शनिवार
टेटी घेतली, कलिंगड गार आहे, पुदिना निवडला. घरचं पनीर डब्यात. डब्यावर चिठ्ठी लावावीशी वाटली, दूध, लिंबू, मीठ. लावली नाही.

पहिला घास घेतला की बा विचारणारच, ते आधीचं कुठलं होतं? मी मासींकडे बघेन, मासी माझ्याकडे. माझी चूक मी बांसमोर कबूल करू शकते. पण ती कबूल केली की मासींनी सांगितलेलं 'पनीर' पण त्यातच उघडं पडतं. ते सांगायचा हक्क माझा नाही. गप्प राहायचा तरी आहे का...

आई दारापर्यंत आली. माझी ओढणी नीट केली.

सव्वाचार. वरून मासींनी हाक मारली, बा पाटावर बसल्यात म्हणे, वाट बघतायत. निघते.