शर्यतीला तीन दिवस कशाला लागतात

सर, तुम्ही फोनवर विचारलं होतंत, "गाड्या नुसत्या गोल फिरायच्या, तर तीन दिवस कशाला लागतात गो?" मी घाईत होते. "गावी आले की सांगते," म्हणाले. त्याला बारा वर्षं झाली, आणि तुम्ही जाऊनही जवळजवळ तेवढीच. परवा इथे आखातातल्या ट्रॅकवर यंदाची शर्यत झाली. आज सुट्टी आहे. चहा करून बसलेय, तर लिहूनच सांगते.

शुक्रवारी सराव असतो, एकेक तासाचा, दोनदा. पाहणाऱ्याला वाटतं ड्रायव्हर हात साफ करून घेतायत. खरं तर सगळा संघ गाडी समजून घेत असतो. या उन्हात टायर किती फेऱ्या टिकतो, टाकी भरलेली असताना गाडी कशी वळते, ती जमिनीपासून किती खाली ठेवावी. शनिवारी आणखी एक तास सराव, आणि मग क्रम ठरवण्याच्या फेऱ्या. त्या तीन टप्प्यांत होतात. पहिल्या दोन टप्प्यांत हळू असतील ते गळतात, उरलेले शेवटी एकेका फेरीसाठी जीव पणाला लावतात, आणि त्या क्रमाने रविवारी गाड्या उभ्या राहतात. पण तुम्हाला आवडलं असतं ते वेगळंच. क्रम ठरवायला गाडी एकदा बाहेर पडली, की तिची जुळणी बदलायची नाही. स्प्रिंग नाही, उंची नाही. बदललीच तर रविवारी सगळे निघून गेल्यावर मागून सोडतात. म्हणजे आधी जे समजलं, त्यावरच रविवारी निभवायचं.

रविवारची शर्यत तीनशे किलोमीटरच्या आसपास. ट्रॅक कोरडा असेल तर किमान दोन प्रकारचे टायर वापरावे लागतात, म्हणून प्रत्येकाला मध्ये थांबणं भाग असतं. चारही चाकं दोन-तीन सेकंदांत बदलतात, एकेका चाकाला तीन-तीन माणसं. टीव्हीवर तेच दाखवतात. माझं काम शर्यत संपल्यावर सुरू होतं. एरवी मी इथल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करते, पण हे तीन दिवस तपासणीच्या पथकात असते. ड्रायव्हरचं वजन, गाडीचं वजन, आणि मग गाडीच्या पोटाखालची फळी. गाडी जितकी खाली बसवाल तितकी ती वेगात वळते. फार खाली बसवली तर ही फळी रस्त्याला घासते. नवी फळी दहा मिलिमीटर जाडीची. शर्यतीनंतर ठरलेल्या जागी ती नऊच्या खाली गेली, तर गाडी बाद.

परवा एका लहान संघाची गाडी तिसरी आली. त्यांचा ड्रायव्हर वर उभा राहून चषक उंचावत होता, आणि खाली मी त्या फळीला माप लावलं होतं. नऊला जरासं कमी भरलं. त्यांचा एक म्हातारा मेकॅनिक शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "धूळ असेल. पुन्हा बघाल का?" मी फळी पुसली, माप शून्यावर आणलं, पुन्हा घेतलं. तेवढंच. मग आमच्या प्रमुखांनी स्वतः घेतलं. तेवढंच. कागद पंचांकडे गेला आणि दोन-एक तासांनी निकाल बदलला. तो म्हातारा टायरवर बसून राहिला होता. मी माप पुसून पेटीत ठेवलं.

मला मुरबाड दिसत होतं, आयटीआयचं वर्कशॉप. मोटर मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी, किन्हवलीहून दोन गाड्या बदलून येणारी. त्या दिवशी ब्रेक ड्रमचा व्यास मोजायचा होता. मी शेजारच्याच्या वहीतला आकडा उतरवला. तुम्ही ड्रम हातात घेतला.

"ह्यो आकडा कुठला?"

"मोजला, सर."

तुम्ही सगळ्यांसमोर मोजलात. माझ्या वहीत होता त्यापेक्षा ड्रम बराच झिजलेला निघाला. "ह्याच्या भरवशावर मानसं माळशेज उतरनार. ती तुला दिसत नायत, म्हनून लिवलंस काय पन," म्हणालात, आणि वही दाराबाहेर टाकलीत.

मी दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी धसईहून तुम्ही स्कूटरवर आमच्या दारात, मागे काकू. काकूंच्या मांडीवर तुमचाच जुना बॉयलर सूट, बाह्या आणि पाय कापून लहान केलेला. वर्गात मिळालेला मला ढगळ होत होता, ते तुम्ही कधी पाहिलंत कुणास ठाऊक. आई चुलीवर चहा ठेवत होती. काकूंनी तो माझ्या अंगाला लावून बघितला, कमरेत दोन टाचण्या मारल्या. तुम्ही फक्त म्हणालात, "उद्या ये. ड्रम तसाच ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी मी तो मोजला. त्यानंतर न मोजलेला आकडा मी कुठेच लिहिलेला नाही. हे मी अभिमानाने सांगत आले, मुलाखतीत, नव्या पोरांना, परवा त्या म्हाताऱ्यालासुद्धा.

पण बारा वर्षांपूर्वी, तुमच्या त्या फोननंतर थोड्याच दिवसांनी काकूंचा फोन आला होता. "सर तुजी आठवन काढतायत. येऊन जा गो." मी म्हणाले, "रजा मिळत नाय, काकू." त्या म्हणाल्या, "बरं बाई, कामाचं बघ." पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. नंतर धसईला आले, तेव्हा आल्यागेल्याला काकूच सांगत होत्या, "पोरीला रजाच नाय मिळाली." मी मान खाली घालून बसले होते.

रजा होती, सर. आठ दिवस शिल्लक होते. पथकात माझं ते पहिलंच वर्ष होतं, शर्यत दोन आठवड्यांवर होती, आणि ते दिवस मी तिच्यासाठी राखून ठेवले होते. वर्कशॉपच्या साहेबांना मी विचारलंच नव्हतं.

काकू अजून धसईलाच असतात. त्या घराच्या पत्त्यावर पत्र गेलं, तर त्याच उघडून वाचतील. म्हणून मी पाकीट आणलेलं नाही.